धक्क्यावर उतरल्यावर: होनिंग्सवॉगचे सहा तास

पुढच्या उन्हाळ्यातल्या नॉर्वे क्रूझची बुकिंगं सुरू झाली आहेत आणि या वेळी ठाणे-नवी मुंबईहून आलेल्या बहुतेक पत्रांत एकाच बंदराचं नाव आहे, होनिंग्सवॉग. म्हणून हा महिना त्याच्यासाठीच. नॉर्वेच्या अगदी उत्तरेला मागेरॉया नावाचं बेट आहे, त्यावरचं हे अडीचएक हजार वस्तीचं मासेमारीचं गाव. जहाजं इथे लागतात ती बेटाच्या उत्तरेच्या नॉर्थ केप या कड्यासाठी. टूर मॅनेजर म्हणून गट घेऊन जायचे तेव्हापासून या गावावर माझा जीव आहे. काही उत्तरं त्यामुळे लांबली आहेत, ती लांबू दिली आहेत.

ताई, आम्ही आठ जण निघतोय. आईबाबा, सासूबाई-सासरे, आम्ही दोघं, नणंद आणि दहा वर्षांचा मुलगा. जहाज दुपारी १२ ते ६ थांबणार आहे. जहाजाची नॉर्थ केपची सहल आठ जणांची मिळून फारच महाग पडते. बाहेरून गाडी ठरवली तर चालेल का? मुलाला समुद्राखालचा बोगदाही बघायचाय.
(घोडबंदर रोड, ठाणे)

चालेल. पण गाडीचा दर विचारायच्या आधी एका कागदावर वेळ मांडा, आणि ती शेवटाकडून मांडा.

जहाज ६ वाजता सुटणार म्हणजे प्रवाशांनी जहाजावर परत येण्याची वेळ साधारण साडेपाच असेल. नक्की वेळ त्या दिवशी केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात छापलेली असते, तीच खरी धरायची. माझा नियम असा की गावात साडेचारला परत यायचं. पुढचा एक तास हा राखीव. काही अडलं तर तो कामाला येतो, नाही अडलं तर गाव बघायला मिळतं. आता पुढची बाजू बघा. जहाज १२ला लागलं तरी कागदपत्रांची परवानगी मिळून, शिडी लागून, रांगेतून तुम्ही आठ जण खाली यायला साडेबारा सहज होतात. साडेबारा ते साडेचार, चार तास उरले. होनिंग्सवॉगहून नॉर्थ केप सुमारे ३४ किलोमीटर, रस्ता चढाचा आणि वळणांचा, बसला पाऊण तास लागतो. जाऊन-येऊन दीड तास गेला. कड्यावर दोन तास द्या. उरलेला अर्धा तास रस्त्यात जाईल, कारण रेनडिअर रस्त्यावर येतात आणि ड्रायव्हर हॉर्न न वाजवता त्यांच्या मर्जीने थांबतो. मुलाला यासारखा आनंद दुसरा नाही, तेव्हा तो अर्धा तास वाया गेला असं समजू नका.

या हिशेबात बोगदा बसत नाही. मुलाची आवड छान आहे. तो बोगदा १९९९ मध्ये सुरू झाला, जवळजवळ ७ किलोमीटर लांब आहे आणि समुद्रसपाटीखाली २१२ मीटरपर्यंत उतरतो. पण तो बेटाला मुख्य भूमीशी जोडतो, म्हणजे गावातून नॉर्थ केपच्या उलट्या दिशेला. त्याला जहाजावर नकाशा उघडून दाखवा, आपण कुठे आहोत आणि बोगदा कुठे आहे ते त्याच्या बोटाने शोधू द्या.

आता पैशांचं. जहाजाची सहल महाग असते हे खरं, पण त्या किमतीत एक हमी असते: बस उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदरात पोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. बाहेरच्या गाडीने गेलात तर जहाज कुणासाठीही थांबत नाही. दुसऱ्या एका बंदरावर हे मी पाहिलंय. एक कुटुंब पिशव्या सांभाळत धक्क्यावरून पळत आलं तेव्हा शिडी उचललेली होती, दोर सुटलेले होते, आणि वरच्या डेकवरून आम्ही सगळे नुसते बघत होतो. त्यातल्या आजोबांची रक्तदाबाची गोळी केबिनमध्ये राहिली होती. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक गटाला मी सांगते: दिवसभराची औषधं, पासपोर्टची छायाप्रत, एक कार्ड आणि त्या पत्रकाचा मोबाइलवर काढलेला फोटो खिशात हवाच. पत्रकावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो. होनिंग्सवॉगला चुकलेलं जहाज गाठणं सोपं नाही. आल्टा हे जवळचं मोठं शहर सुमारे २०० किलोमीटरवर, ट्रोम्सो तर ५००च्या आसपास.

आठ जण असाल तर स्थानिक मिनीबस किफायतशीर पडते, म्हणून मी नाही म्हणत नाही. फक्त तीन गोष्टी लेखी घ्या. पहिली, चालकाला तुमच्या जहाजाचं नाव आणि परतीची वेळ माहीत आहे. दुसरी, जहाज या बंदराला लागलंच नाही तर पैसे परत मिळतील. जहाजाच्या सहलीचे ते आपोआप मिळतात, बाहेरच्यांचे प्रत्येकाचे नियम निराळे. तिसरी, नॉर्थ केपच्या इमारतीचं तिकीट दरात धरलंय की वेगळं. आणि बुकिंग घरूनच करा. गावात टॅक्सी मोजक्या आहेत आणि दोन जहाजं एकदम आली की धक्क्यावर उभं राहून गाडी मिळत नाही.

आणखी एक: तुमचं जहाज इंग्लंडहून सुटत असेल तर जहाजावरचं घड्याळ आणि गावातलं घड्याळ यांत एक तासाचा फरक असू शकतो. मोबाइल आपोआप गावाची वेळ दाखवेल, पण जहाज स्वतःच्या वेळेने सुटतं. आठांपैकी एकाने हातात साधं घड्याळ बांधावं आणि ते जहाजाच्या वेळेवरच ठेवावं.

माझे गुडघे दुखतात, यजमानांना चाकाची खुर्ची लागते. आम्ही खाली उतरावं की जहाजावरूनच बघावं?
(वाशी)

उतरा. नॉर्थ केप हा वरून सपाट असलेला कडा आहे आणि बस इमारतीच्या जवळपर्यंत जाते. आत लिफ्ट आहे, तिने खडकात कोरलेल्या खालच्या मजल्यांवर जाता येतं. तिथे बेटाच्या चार ऋतूंचा चित्रपट मोठ्या पडद्यावर दाखवतात, छोटंसं प्रार्थनाघर आहे, आणि सयामचा (आताच्या थायलंडचा) राजा चुलालोंगकोर्न १९०७ मध्ये इथे आला होता त्याची आठवण जपणारं दालन आहे. त्याने खडकावर आपलं नाव कोरून ठेवलंय. फोटोत दिसणारा लोखंडी पृथ्वीगोल बाहेर कड्याच्या टोकाला आहे. त्याच्या चौथऱ्याला पायऱ्या आहेत, पण गोल खालूनही पूर्ण दिसतो आणि फोटो खालूनच चांगला येतो.

खरी अडचण बसची आहे. खुर्ची वर घेणारी बस जहाज कंपनीकडे मोजकीच असते, म्हणून क्रूझचं बुकिंग करतानाच ‘व्हीलचेअर प्रवासी’ अशी नोंद करून घ्या, जहाजावर चढल्यानंतर सांगू नका. तुमचं जहाज धक्क्याला लागणार की खाडीत नांगर टाकणार, हेही विचारा. नांगर टाकला तर छोट्या टेंडर बोटीतून किनाऱ्यावर यावं लागतं. एलिफंटाच्या लाँचमध्ये चढताना जसा मधला क्षण पाय उचलून धरावा लागतो तसाच तो क्षण असतो, आणि समुद्र हलता असेल तर खुर्चीच्या प्रवाशांना कर्मचारी नाही म्हणू शकतात. होनिंग्सवॉगला धक्का आहे, पण एकाच दिवशी जास्त जहाजं आली की काहींना बाहेर थांबावं लागतं.

यजमानांना वाऱ्याची सवय नसेल तर बाहेर दहा मिनिटं पुरेत. आतल्या मोठ्या काचेतून समुद्र दिसतो, आत पोस्टाची सोयही आहे. तिथून नातवंडांना कार्ड टाका, नॉर्थ केपचा शिक्का बसून येतं.

एवढे पैसे खर्चून गेलो आणि धुकं असलं तर? आमच्या ओळखीच्यांना काहीही दिसलं नाही म्हणे. आणि मध्यरात्रीचा सूर्य दुपारच्या सहलीत दिसतो का?
(खारघर)

दुसऱ्याचं आधी. नॉर्थ केपवर साधारण १४ मे ते जुलैअखेर सूर्य मावळत नाही. पण मध्यरात्रीचा सूर्य म्हणजे रात्री १२च्या सुमारास उत्तरेला क्षितिजाच्या वर टेकलेला सूर्य, तो दुपारी कसा दिसणार? त्याच्यासाठीच जायचं असेल तर संध्याकाळी लागून मध्यरात्रीनंतर सुटणारं जहाज निवडा. माहितीपत्रकात तारखेच्या पुढे बंदरात थांबण्याचे तास दिलेले असतात. क्रूझ निवडताना लोक केबिनची खिडकी तपासतात आणि तो रकाना वाचत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. पूर्ण प्रवासाचा आनंद त्या एका रकान्यावर असतो.

आता धुकं. असतं, आणि पुष्कळ वेळा असतं. गावात ऊन आणि वर चढत गेलं की पांढरं, असं मी अनुभवलंय. एकदा कठड्याला धरून उभी होते. पृथ्वीगोल चार पावलांवर होता आणि त्याच्या वरच्या पट्ट्या दिसत नव्हत्या. कडा ३०७ मीटर उंच. इतक्या खालून लाटांचा आवाज येत होता, मध्येच एक समुद्रपक्षी धुक्यातून वर आला आणि पुन्हा धुक्यात गेला. माझ्याबरोबरच्या बायका हिरमुसल्या होत्या. त्यांना मी आत नेलं, लोक इथवर कसे येत असत ते सांगितलं, तेव्हा त्या जराशा रमल्या.

तुम्हीही आधी वाचून जा. १५५३ मध्ये ईशान्येच्या समुद्रातून चीनची वाट शोधायला निघालेल्या इंग्रज दर्यावर्दींनी या कड्याला हे नाव दिलं. १६६४ मध्ये फ्रांचेस्को नेग्री हा इटालियन पाद्री केवळ बघण्यासाठी इथवर आला. १८७३ मध्ये नॉर्वे-स्वीडनचा राजा ऑस्कर दुसरा आला आणि मग प्रवासी जहाजं येऊ लागली. रस्ता १९५६चा. त्याआधी जहाज कड्याच्या बाजूच्या हॉर्नविका या छोट्या खाडीत थांबायचं आणि लोक तिथून उभा चढ चढून वर यायचे, लांब झगे घातलेल्या बायकासुद्धा. बाहेर दगडी फरशीवर सात गोल चकत्या उभ्या आहेत. १९८८ मध्ये सात देशांतल्या सात मुलांनी केलेल्या चित्रांवरून त्या घडवल्या. धुक्यातही त्या जवळून बघता येतात, आणि माझ्या मते तिथली सगळ्यांत सुंदर गोष्ट त्याच आहेत.

एक सांगून ठेवते, म्हणजे कुणी तिथे वाद घालायला नको. नॉर्थ केप हे युरोपचं सर्वांत उत्तरेचं टोक नाही. शेजारचं क्निव्हशेलोडेन नावाचं सखल टोक त्याच्याही थोडं पुढे गेलंय, आणि दोन्ही बेटावर असल्यामुळे मुख्य भूमीचं टोक आणखी वेगळंच आहे. क्निव्हशेलोडेनला चालत जाता येतं, पण एका बाजूने ९ किलोमीटर. सहा तासांच्या मुक्कामात तो विचार मनातही आणू नका.

मी ऐरोलीला राहतो, खाडीतल्या फ्लेमिंगो बोटीवर दर हंगामात जातो. मला कड्यापेक्षा पक्षी बघायचे आहेत. पफिन दिसतील?
(ऐरोली)

तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. तुम्ही येस्वेरला जा. बेटाच्या पश्चिम बाजूची ही छोटी वस्ती, गावातून रस्त्याने साधारण अर्ध्या-पाऊण तासावर. समोर समुद्रात येस्वेरस्टाप्पन नावाचे सुळके आहेत, तिथे पफिन, गॅनेट, गिलेमॉट, रेझरबिल यांची वसाहत आहे, आणि त्यांच्यावर नजर ठेवून बसलेले पांढऱ्या शेपटीचे समुद्रगरुड. बोट सुळक्यांच्या खालून फिरवून आणते, दीड-दोन तास लागतात.

खाडीची सवय असल्याने तुम्हाला काही गोष्टी वेगळ्या सांगायला नकोत, पण दोन फरक लक्षात ठेवा. आपल्याकडे बोट भरती-ओहोटीच्या वेळा बघून सोडतात, इथे सगळं वाऱ्यावर ठरतं. वारा वाढला की फेरी रद्द. आणि पफिन ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत समुद्रात निघून जातात, त्यामुळे ऑगस्टच्या क्रूझवर त्यांची आशा धरू नका. जून सगळ्यांत चांगला, जुलैही चालेल. दुर्बीण हलकी घ्या, कारण बोट डोलते आणि जड दुर्बिणीत पक्षी टिकत नाही. फोटोपेक्षा आधी डोळ्यांनी बघा. पफिन दगडासारखा सरळ पाण्यात पडतो, मग पंख इतके भरभर हलवत वर येतो की कॅमेरा शोधेपर्यंत गेलेला असतो.

नॉर्थ केप आणि पक्षी दोन्ही करणाऱ्या सहली आहेत, पण सहा तासांत त्या घाईच्या होतात. तुम्ही पक्षीच बघा. घरच्यांना कड्यावर जायचं असेल तर त्यांना वेगळं जाऊ द्या आणि जहाजावर रात्री जेवताना एकमेकांना सांगा.

आम्ही शाकाहारी, लसूण-कांदाही मर्यादित. बंदरावर काय खायचं? आणि जुलैत किती थंडी असते? आमच्या मुलाचं म्हणणं, रेनकोट पुरे.
(नेरूळ)

रेनकोट पुरणार नाही. जुलैतही तापमान १०-१२ अंशांच्या आसपास राहतं, कड्यावर वारा असला की ते फार कमी वाटतं. आपला पावसाळी रेनकोट वाऱ्याने फुग्यासारखा फुगतो. अंगाला चिकटणारं आतलं थर्मल, त्यावर लोकरीचं, त्यावर वारा अडवणारं जाकीट, अशा तीन थरांत जा. कान झाकणारी टोपी आणि हातमोजे घ्या. छत्री घरीच ठेवा, पहिल्या झोतात उलटते. बूट घसरणार नाहीत असे हवेत.

खाण्याचं: गावातल्या कॅफेत वाफल मिळतात, हृदयाच्या आकाराच्या पातळ पाकळ्या, वर जॅम आणि साय. तपकिरी चीजही लावतात. पहिला घास घेतला की आपल्याकडच्या कंदी पेढ्याची आठवण येते. वाफलमध्ये अंडं असतं, ते चालत नसेल तर ब्रेड, सूप विचारून घ्या, कारण सूपमध्ये माशाचा रस असण्याची शक्यता इथे मोठी. सर्वांत निश्चिंत मार्ग म्हणजे जहाजावर पोटभर नाश्ता आणि सोबत घरचे थेपले, दशम्या, चिवडा. जहाजावरची फळं, दूध, मांसाचे पदार्थ खाली नेऊ नका. बंदरांचे नियम त्याबाबत कडक असतात आणि जहाजावर तशी सूचना लावलेली असते.

रोख रक्कम फारशी लागत नाही. इथे क्रोन चालतात, युरो नाही, आणि कार्ड सगळीकडे चालतं. कॅफेच्या बिलाने दचकू नका, नॉर्वे महागच आहे. मोबाइल जहाजावर फ्लाइट मोडवर ठेवा. समुद्रात जहाजाचं स्वतःचं नेटवर्क तो पकडतो आणि त्याचं बिल घरी आल्यावर कळतं.

व्हिसा कुणाचा काढायचा? जहाज जर्मनीहून सुटतं, नॉर्वे बघून परत तिथेच.
(सीबीडी बेलापूर)

दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, एकच शेंगेन व्हिसा लागतो. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस, त्याच्याकडे अर्ज. बंदरांचे दिवस मोजले तर बहुतेक वेळा नॉर्वेच येतो, पण तुमचा कार्यक्रम पुढ्यात घेऊन मोजा. दिवस सारखे निघाले तर पहिल्यांदा ज्या देशात शिरता तो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांत मात्र नाही. उन्हाळ्यात मुंबईच्या केंद्रात भेटीच्या वेळा लवकर भरतात. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. जहाज स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या आणखी उत्तरेकडच्या बेटांवर, जाणार असेल तर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा व्हिसा मागा, कारण स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे आणि परत येताना तुम्ही पुन्हा आत शिरता. इंग्लंडहून सुटणाऱ्या क्रूझला ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आणि परत तिथेच यायचं असल्याने तोही पुन्हा प्रवेश देणारा हवा.

हिवाळ्यात ध्रुवीय प्रकाश बघायला गेलो तर हेच बंदर करता येईल का?
(कळवा)

करता येतं. उबदार समुद्रप्रवाहामुळे इथलं बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. बर्गन ते किर्केनेस या मार्गावर हुर्टीग्रुटेन आणि हाव्हिला या कंपन्यांची किनारी जहाजं वर्षभर चालतात, ३४ बंदरं घेतात, आणि उत्तरेकडे जाताना होनिंग्सवॉगला साधारण साडेतीन तास थांबतात. हुर्टीग्रुटेनची सेवा १८९३ पासून आहे. ही खरी गावं जोडणारी जहाजं, त्यात मालही असतो आणि शेजारच्या बंदराला निघालेले स्थानिकही. मला ती फार आवडतात.

नॉर्थ केपला जाणारा शेवटचा १३ किलोमीटरचा रस्ता हिवाळ्यात मोकळा नसतो. ठरलेल्या वेळी बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे रांगेने जावं लागतं आणि वादळ असलं तर तेही बंद. त्यामुळे साडेतीन तासांत हे जमवायचं तर फक्त जहाजाची सहलच घ्या. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत इथे सूर्य उगवत नाही. दुपारी थोडा वेळ निळसर उजेड असतो. ध्रुवीय प्रकाश दिसणं आभाळ मोकळं असण्यावर आहे, त्याची खात्री कुणी देत असेल तर त्या माणसाकडून काहीही घेऊ नका.

मी एकटी निघाले आहे. खरं सांगू? मला त्या गर्दीच्या कड्यावर जायचंच नाही. सगळे म्हणतात, मग उतरायचं कशाला. गावात काही आहे का बघण्यासारखं?
(पाचपाखाडी, ठाणे)

आहे, आणि मी वर ज्यांना एक तास राखून ठेवायला सांगितला तो याच्याचसाठी.

धक्क्यावरून वर बघितलं की एक पांढरं लाकडी चर्च दिसतं. तिथून सुरुवात करा. १९४४ च्या शरदात जर्मन सैन्य माघार घेताना फिनमार्क हा उत्तरेचा प्रांत जाळत गेलं. लोकांना घरातून काढून दक्षिणेला पाठवलं आणि मागे घरं, धक्के, कोठारं पेटवली. होनिंग्सवॉगमध्ये १८८५चं हे एक चर्च उभं राहिलं, बाकी गाव राखेत गेलं. १९४५ मध्ये पहिले लोक परत आले तेव्हा डोक्यावर छप्पर म्हणून हे चर्चच होतं. ते आत राहिले, तिथेच झोपले, तिथेच पाव भाजला, आणि तिथून उठून त्यांनी गाव परत बांधलं. खाली दिसणारी लाल, पिवळी, पांढरी घरं त्यानंतरची आहेत. उघडं असेल तर आत जाऊन बसा. बाकांच्या मधली जागा बघा, किती अरुंद आहे, आणि तिथे बिछाने कसे पसरले असतील याचा विचार करा. ठाण्यातल्या आपल्या इमारतींत पुनर्विकासासाठी घर सोडताना लोक किती हळवे होतात, ते मी जवळून पाहिलंय. इथे तर परत यायला घरच नव्हतं आणि तरी लोक आले. एवढं उत्तरेला, जवळजवळ झाड नसलेल्या बेटावर. बसमधून जाणाऱ्या प्रवाशांना हे कुणी सांगत नाही, याची मला खरंच खंत वाटते.

मग खाली बंदराशी असलेल्या नॉर्थ केप संग्रहालयात जा. मासेमारी, जाळपोळ आणि पुनर्बांधणी, सगळं तिथे आहे. चर्च आधी बघून गेलात तर तिथले फोटो तुम्हाला ओळखीचे वाटतील.

बंदरावर एका मोठ्या कुत्र्याचा पुतळा आहे, त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका. बाम्से हा इथल्या एका कॅप्टनच्या घरचा सेंट बर्नार्ड. दुसऱ्या महायुद्धात तो थोरॉड नावाच्या नौदलाच्या जहाजावर खलाशांबरोबर राहिला. स्कॉटलंडच्या बंदरात रात्री उशिरापर्यंत बाहेर राहिलेल्या खलाशांना तो शोधून जहाजावर आणायचा. १९४४ मध्ये तो मॉन्ट्रोजला वारला आणि त्याला लष्करी मानाने पुरलं. तिथेही त्याचा पुतळा आहे.

चालायची आवड असेल तर गावामागच्या टेकडीवर थोडं चढा, पण वर ढग उतरलेला असेल तर नको. एकटी असल्याने कुठे जाताय ते जहाजाच्या माणसांना सांगून ठेवा. तातडीला पोलीस ११२, रुग्णवाहिका ११३. परतताना किनाऱ्याच्या बाजूने या. कॉड मासे वाळवायच्या लाकडी मांडण्या दिसतील. वसंतात त्या माशांनी भरलेल्या असतात आणि उन्हाळ्यात बऱ्याचदा रिकाम्या, तरी लाकडाला वास राहिलेला असतो. आपल्याकडे बोंबील वाळतात ते पाहिलेल्या माणसाला ओळखू येईलच.

गर्दीचं म्हणाल तर बसेस दुपारी निघून गेल्या की गावात शांतता असते. चर्च आणि संग्रहालय तेव्हाच उरका. साडेचारनंतर बसेस परत येऊ लागतात आणि कॅफे भरतो, म्हणून वाफल चारलाच घ्या आणि पाचच्या आत शिडीपाशी या.